एका क्लिकचा तीळ

२ मार्च, सोमवार

ताईच्या पाठीवरचा तीळ आज एका क्लिकमध्ये गेला नाही.

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. ताई पोहण्याच्या क्लबात कोच आहे आणि मी डिझाइनच्या दुकानात फोटोंवर इफेक्ट टाकते. दोन वर्षांपूर्वी क्लबाचं पोस्टर मीच केलं होतं. ताई पाण्यातून पाठमोरी वर येतेय आणि तिच्या खांद्यांतून पाण्याचे दोन पंख फुटलेत. चार दिवस खपले होते त्या पंखांवर! लोक अजून गेटपाशी थांबून त्याच्यासमोर फोटो काढून घेतात. आता क्लबाच्या सेक्रेटरींना नवीन हवंय. "पाणी झालं, आता आग करा. पाण्यातून आग! बघणाऱ्याची मान वळली पाहिजे." वळेल हो, म्हटलं, मोडेलसुद्धा.

फोटोग्राफरने सकाळी फोटो पाठवले. तीच पोझ, तीच पाठ. मी नेहमीसारखी आधी साफसफाईला बसले. पुरळ, ओरखडे, ड्रेसच्या पट्टीचे वळ. ब्रश ठेवायचा, क्लिक, गेलं. माझा ब्रश कायम तीस पिक्सेलच्या मापावर लावलेला असतो. डाव्या खांद्याखालचा तीळ तर माझ्या ओळखीचाच. क्लिक. गेला नाही! मधलं गेलं, कडा राहिली. परत क्लिक. परत. चार झाले तरी एका बाजूला काळपट काहीतरी शिल्लकच.

सगळं अनडू केलं. झूम केलं.

तीळ गोल असतो ना? हा गोल नाहीये. एका बाजूने पसरलाय — टेबलावर चहा सांडून सुकावा तसा. रंगही एक नाही. तपकिरी, मध्ये काळा, खालच्या कडेला निळसर. मी दिवसभर रंगच बघते. निळा मला कळतो.

प्रिंटच्या मशीनवर बसते ती — आमची मशीनवाली — मागून वाकून म्हणाली, "काय गं, दहा मिनिटं एका तिळाकडे बघत बसलीयस. लग्न करणारेस का त्याच्याशी?"

हसले. पण स्क्रीनवरून नजर काढली नाही.

३ मार्च, मंगळवार

ताईला सांगितलं नाही. फोन हातात घेतला, ठेवला. घेतला, ठेवला.

४ मार्च, बुधवार

आगीवर काम. खऱ्या आगीचा फोटो काळ्या पार्श्वभूमीवर घेतलेला असतो. तो ताईच्या फोटोवर ठेवायचा, मोड बदलला की काळं नाहीसं होतं, नुसती ज्वाळा उरते. मग ती खांद्याच्या वळणावर वाकवायची. कडेला ठिणग्या. आणि कातडीवर नारिंगी उजेड — तो विसरलं की आग चिकटवल्यासारखी दिसते. एरवी या कामात मला तहानभूक आठवत नाही. आज एक ज्वाळा ओढली आणि बघते तर ती बरोबर तिळावर नेऊन ठेवलेली. झाकला! कोणी सांगितलं नव्हतं. हातच तिकडे गेला.

जेवणाच्या सुट्टीत नेटवर वाचत बसले. वाचायला नको होतं. आकार वेडावाकडा, कडा पुसट, रंग एकाहून जास्त, आणि वाढत जाणारा. चारही आहेत. उन्हात काम करणाऱ्यांना धोका जास्त म्हणे. ताई अठरा वर्षं उघड्या तलावाच्या काठावर उन्हात उभी आहे!

आता मला सगळ्यांच्या अंगावर तेच दिसतंय. मालकांच्या कानामागे एक आहे. मशीनवालीच्या हनुवटीवर एक. ते गोल आहेत का बघत बसते. मालक म्हणाले, "माझ्या कानात काय आहे? काम बघ."

५ मार्च, गुरुवार

फोन केलाच. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग हळूच म्हटलं, "ताई, पाठीवर तो तीळ आहे ना तुझ्या, डावीकडे —"

"मला काय पाठीमागे डोळे आहेत?"

"मोठा झालाय."

"मीही मोठी झालेय. वजन बघ माझं. पोस्टर कधी देतेस? सेक्रेटरी माझं डोकं खातोय."

मी म्हटलं, एकदा दाखवून ये. ती म्हणाली, बघू. ताईचं 'बघू' म्हणजे 'नाही'. लहानपणापासूनचं आहे ते. दात दुखत असतानाही ती आईला 'बघू' म्हणायची, गाल टम्म सुजेपर्यंत.

फोन ठेवला आणि मला एकदम रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन आले.

६ मार्च, शुक्रवार

तलावावर गेले. कारण सांगितलं — आगीचा उजेड कुठून पडेल ते बघायचंय. थाप.

गेटवर ते जुनं पोस्टर. ताईची पाठ बारा फूट उंच. एक डाग नाही, एक सुरकुती नाही, दोन्ही बाजूंनी पाण्याचे पंख. एक बाई मुलाला त्याच्यासमोर उभं करून "हात पसर, पंखासारखे" म्हणत होती. मी मान खाली घालून आत गेले. का ते कळलं नाही तेव्हा.

ताई काठावर. शिट्टी तोंडात, एका हाताने कुणालातरी "पाय! पाय मार!" मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. स्क्रीनवर बघणं वेगळं. इथे तो तिच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होता. किंचित वर आलेला. मी बोट लावलं.

"ए! गुदगुल्या काय करतेस?"

"ताई, हा तो."

मोबाइलवर फोटो काढून तिला दाखवला. तिने फोन हातात घेतला. शिट्टी तोंडातच होती, ती गळ्यात पडली. मला वाटलं होतं उडवून लावेल. तिने फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"हे असं दिसतंय?" एवढंच. मग एकदम नेहमीची ताई झाली. "वीस तारखेला स्पर्धा आहेत. त्या झाल्या की जाऊ."

मी भांडले. तलावावर, सगळ्या पोरांसमोर! म्हटलं, तू येत नसशील तर आत्ता आईला फोन लावते. आईचं नाव काढल्यावर गप्प झाली. डॉक्टरांकडे मंगळवारची वेळ घेतली. परत निघताना म्हणाली, "आईला मात्र एक अक्षर कळता कामा नये. शपथ घे माझी."

घेतली.

८ मार्च, रविवार

आई आणि मी, दोघीच घरात. दिवसभर मी आईच्या नजरेला नजर दिली नाही. ती म्हणाली, "तोंड का असं पाडून बसलीस? दुकानात काही झालं का?"

म्हटलं, डोळे दुखतायत.

"दुखणारच. दिवसभर लोकांचे मुरुम पुसायचे हा काय धंदा आहे?"

हसावं की रडावं! उद्याचा दिवस संपला की परवा दवाखाना.

१० मार्च, मंगळवार

दवाखाना. दुकानातून दोन तासांची सुट्टी मागितली. मालकांनी घड्याळाकडे बघून मान हलवली. ताई, भाऊजी आणि मी. भाऊजी वाटेत एक शब्द बोलले नाहीत. एरवी माणूस पंक्चरची गोष्टही अर्धा तास सांगतो.

डॉक्टरीणबाई शांत आहेत. त्यांनी एक छोटं भिंग तिळावर टेकवलं, त्यातून उजेड पाडला, बराच वेळ बघितलं. बोलल्या नाहीत. न बोलणारा डॉक्टर फार भयंकर! मग विचारलं, "कधीपासून आहे हा?"

ताई म्हणाली, "नवीनच असणार. दोन वर्षांपूर्वी नव्हता."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? पुरावाच आहे!" आणि तिने मोबाइलवर पोस्टर काढलं. माझं पोस्टर. "बघा. हा खांदा. हे पंख आमच्या धाकटीने केलेत हो, पण पाठ माझीच आहे. आहे का काही?"

बाईंनी मोठं करून बघितलं. मान हलवली. कागदावर लिहिलं. मला बसल्या जागेवरून वाचता आलं: 'दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत नाही.'

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. मला माहीत होतं. तीळ तेव्हा होता! मी स्वतः पुसलाय. बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. ताई विचारेल — तू बघितला होतास? म्हणजे तुला ठाऊक होता? हे माझ्या डोक्यात आलं आणि मी तशीच बसून राहिले, मातीच्या बाहुलीसारखी.

बाईंनी विचारलं, "खाज सुटते? रक्त आलं कधी?"

"रक्त नाही. खाज… अशी नाही. पाण्यातलं औषध असतं ना, त्याने सगळ्यांनाच सुटते."

शुक्रवारी तो भाग काढून तपासायला पाठवणार. उठताना बाई म्हणाल्या, अजून जुने फोटो असतील तर आणा, कधीपासून वाढतोय ते कळलं तर बरं. नसले तरी तपासणी थांबणार नाही.

"हिच्याकडे असतील ना ढीगभर," ताईने माझ्या पाठीवर थाप मारली.

११ मार्च, बुधवार

सकाळी सगळ्यांच्या आधी दुकानात गेले. जुन्या पोस्टरची फाइल उघडली.

ती फाइल मी जिवापाड जपलीय. सत्तेचाळीस लेअर, एकावर एक रचलेले थर. प्रत्येक लेअरपुढे डोळ्याचं बारकं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की तो लेअर दिसेनासा होतो. मनाशी म्हटलं, वरून एकेक बंद करत गेले की तळाला ताईचा मूळ फोटो असेल. तिथे तो असेल.

थेंब बंद केले. उडणारे तुषार बंद केले. डावा पंख, त्याची सावली, उजवा पंख. पंखांमागचं धुकं. खांद्यांवरचा निळा उजेड. पाण्यावरची चमक. एकेक डोळा मिटत गेला आणि पोस्टर उघडं पडत गेलं. शेवटी एकच लेअर उरला. ताई, तलाव, साधं ऊन.

पाठ साफ.

असणारच साफ! इफेक्ट मी वेगवेगळ्या लेअरवर करते, पण साफसफाई थेट मूळ फोटोवर. साफसफाईला कोण वेगळा लेअर करतं? पाहुणे यायच्या आधी घर झाडतो, तो केर कोणी डब्यात भरून ठेवतं का? आणि फोटो त्याच नावाने सेव्ह. दोन-दोन प्रती ठेवायला जागा नसते. दुकानात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलीला हे मीच शिकवलंय, वर ऐटीत सांगितलंय, "इफेक्ट जपा, केर फेका."

फोटोग्राफरना फोन केला. ते म्हणाले, "बाई, दोन वर्षं झाली! कार्ड त्याच आठवड्यात रिकामं केलं. तुमच्याकडे आहेत म्हणून."

मग घरचे फोटो उघडले. मावशीकडच्या लग्नातले — ताई पाठमोरी, मोठ्या गळ्याचं ब्लाउज. साफ. समुद्रावर गेलो होतो तेव्हाचे. साफ. भाऊजींच्या पन्नाशीचे. साफ, साफ, साफ! घरातल्या कुणाचाही फोटो आधी माझ्या हाताखालून जातो आणि मग सगळ्यांना जातो. कौतुकाने पाठवतात सगळे. "जरा बरं कर गं." पाच वर्षांत अख्ख्या घराण्याच्या पाठी मी धुऊन काढल्यात. तो तीळ होता याचा या जगात एकच साक्षीदार आहे. मी. आणि मी काल गप्प बसले.

मशीनवाली आली, लाइट लावला आणि किंचाळली. मी अंधारात बसले होते, लक्षातच आलं नव्हतं.

१२ मार्च, गुरुवार

मालक म्हणाले, आग खोटी वाटतेय.

मला भीती वाटते. लिहूनच टाकते. ताईला काही होईल याची वाटते, आणि ताईला कळेल याचीही वाटते. कुठली मोठी ते ठरवत नाही. ठरवलं तर स्वतःचं तोंड बघवणार नाही.

१३ मार्च, शुक्रवार

सांगितलं. ताईला नाही. बाईंना.

ताईला आत कपडे बदलायला नेलं, भाऊजी कागदावर सह्या करत होते. मी बाईंच्या मागे कॉरिडॉरमध्ये अक्षरशः पळत गेले. म्हटलं, "तो फोटो खरा नाही. तीळ तेव्हाही होता. मी पुसला होता."

बाई थांबल्या. रागावतील असं वाटलं. "तुम्हाला नक्की आठवतंय?"

"एका क्लिकचा होता."

"म्हणजे केवढा?"

मग मला एकदम सुचलं. कधी नव्हे ते डोकं चाललं! माझा ब्रश कायम तीस पिक्सेलचा. एका क्लिकमध्ये गेला म्हणजे तो तिसाच्या आत होता. त्याच फोटोत ताईच्या ड्रेसची पट्टी दीडशे पिक्सेलची, परवा फाइलमध्ये बघितलेली. तो ड्रेस अजून आहे, पट्टी दोन सेंटिमीटरची. म्हणजे तीळ जास्तीत जास्त चार मिलिमीटर. त्यांच्याच कागदाच्या मागे गणित करून दाखवलं.

"आता दहा आहे," बाई म्हणाल्या. आधीचं वाक्य त्यांनी खोडलं. नवीन लिहिलं. "चांगलं केलंत. बहिणीला सांगितलंत?"

"नाही."

"सांगा. तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

वीस मिनिटांत काढला. ताई बाहेर आली ती विचारतच, "पोहायला कधी जाता येईल?" टाके सुकेपर्यंत पाण्यात जायचं नाही म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं. रिपोर्टला आठवडा.

१४ मार्च, शनिवार

ताईकडे गेले. ती उशीला टेकून स्पर्धेच्या याद्या करत होती. भाऊजी चहा घेऊन आले. मी उभ्या उभ्याच सुरू केलं, बसले असते तर बोलले नसते. सगळं सांगितलं. पोस्टर, ब्रश, तळाचा लेअर, दवाखान्यातलं स्टूल. "मी गप्प बसले ताई. मी घाबरले."

ताई याद्यांकडेच बघत राहिली. मला दारातून पळून जावंसं वाटलं.

मग ती हसली. "अगं वेडे, त्यात काय? तुझं कामच ते. माझे दंडही बारीक केले होतेस त्यात, ते सांगितलंस का डॉक्टरला?"

"ताई, मस्करी नको ना!"

"मग काय करू? रडू? ये इकडे." आणि मला जवळ ओढलं, टाके दुखत असताना. मी लहान मुलीसारखी हमसून हमसून रडले. ती केसांतून हात फिरवत म्हणत होती, "झालं, झालं. तूच तर ओळखलास. तू नसतीस तर कळलंच नसतं."

डोकं वर केलं तेव्हा भाऊजी खोलीत नव्हते. गॅलरीत होते, पाठ करून. चहा तसाच टेबलावर.

आज हलकं वाटतंय. चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

१६ मार्च, सोमवार

दुकानात राडा. एक बाई आपल्या मुलीचे साखरपुड्याचे फोटो घेऊन आल्या. मुलीच्या गळ्यावर तीळ. "हा तेवढा काढून टाका आणि मागे जरा चमचम करा."

मी म्हटलं, "आधी डॉक्टरांना दाखवलाय का?"

बाईंचा चेहरा! "अहो, तुम्ही फोटो करता का ऑपरेशन?"

मालकांनी मला आत बोलावलं. तो तीळ छान गोल होता, मलाही दिसत होतं. पण हात ब्रशला लागेना. शेवटी मशीनवालीने पुसला. नंतर हळूच म्हणाली, "माझ्या हनुवटीवरचा बघ ना एकदा. गोल आहे ना?"

मी भिंगातून बघितला. गोल आहे.

१८ मार्च, बुधवार

रिपोर्टचा फोन कधीही येईल. आज तीनदा वाजला. दोनदा सेक्रेटरी, एकदा चुकून लागलेला.

पोस्टरमधून ताईची पाठ काढली. नुसतं पाणी आणि आग ठेवली. छान दिसतंय. कुणाचंही नसलेलं पोस्टर.

२० मार्च, शुक्रवार

रिपोर्ट आला. चांगला नाही.

बाईंनी शब्द सरळ उच्चारला, कर्करोग. त्वचेचा. आत किती खोल गेलाय तेही सांगितलं, मिलिमीटरमध्ये. मला त्या खोलीत फक्त मिलिमीटरच ऐकू येत होते. आजूबाजूची कातडी आणखी मोठ्या भागात काढावी लागेल, काखेतल्या गाठी तपासाव्या लागतील. तिथे पोचला असेल तर पुढचे उपचार. नसेल तर बरंच बरं. मंगळवारी ऑपरेशन.

भाऊजींनी विचारलं, "आधी आलो असतो तर?"

बाईंनी रिपोर्ट मिटला. "वर्ष-दीड वर्ष आधी आला असतात तर बहुधा वीस मिनिटांच्या त्या कामातच भागलं असतं. पण तेव्हा तुम्हाला कळणार कसं? पाठीवर होता."

"तेच ना," ताई पटकन म्हणाली, "कळणार कसं?" आणि भाऊजींच्या हातावर हात ठेवला. घट्ट.

तिच्या स्पर्धा आज होत्या. दुसऱ्या कोचने पोरांना नेलं. दवाखान्याच्या पायरीवर बसून तिने फोनवरून निकाल विचारले. पोरं हरली. तेव्हा मात्र रडली. म्हणाली, "सांगून सांगून थकले, वळताना श्वास घेऊ नका!"

मी तिच्या शेजारी बसून राहिले. माझ्या मनात एकच. काखेत पोचला नसू दे. बाकी काही नको मला, पोचला नसू दे.

२१ मार्च, शनिवार

आईला सांगावंच लागलं. ताईने स्वतः सांगितलं. आई ओरडली नाही, रडली नाही. ताईला म्हणाली, "पाठ दाखव." पट्टीच्या कडेने बोट फिरवलं. "तान्ही असताना इथे काही नव्हतं. रोज न्हाऊ घालत होते मी."

मग माझ्याकडे वळली. मी डोळे मिटले. पण ती म्हणाली, "बरं झालं तुझं लक्ष गेलं हिच्याकडे."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

२३ मार्च, सोमवार

उद्या. ताईचा मेसेज: "रडकं तोंड घेऊन येऊ नकोस. आणि माझा टाक्यांचा फोटो काढलास तर तो साफ करायचा नाही हं!"

तिच्या मनात काही नाही. एवढा एक आधार आहे मला.

२४ मार्च, मंगळवार

ताईला आत नेलं. बाहेरच्या बाकावर मी आणि भाऊजी.

तासाभराने तेच बोलले, समोरच्या भिंतीकडे बघत. "दोन वर्षांपूर्वी तिला तिथे फार खाज सुटायची. हात पोचायचा नाही, मला सांगायची. मी कपड्यावरूनच खाजवून द्यायचो, नीट बघितलं नाही कधी. मी म्हटलं होतं, दाखवून येऊ. तारीखही घेतली होती. त्याच दिवशी तुझं पोस्टर आलं. तिने फोनवर मोठं करून मला दाखवलं. म्हणाली, बघा, काहीच नाहीये, उगाच घाबरलो. मी तारीख रद्द केली."

मी आतल्या बंद दाराकडे बघितलं.

"हे तुला कधी सांगायचं नाही म्हणून, तू सगळं सांगायला आलीस त्या शनिवारी तिने मला शपथ घातलीय," भाऊजी म्हणाले. "मला एकट्याला नाही झेपत गं."